सरकारी कामावरची दुखापत: नोंद कुठवर आली?

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाची दुसरी लाट चढत असताना, उत्तर प्रदेशात पंचायतीच्या निवडणुका झाल्या. मतदान केंद्रांवर नेहमीप्रमाणे शाळामास्तरांना जुंपले होते. मे महिन्यात तिथल्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने यादी जाहीर केली: निवडणुकीच्या कामानंतर १,६२१ शिक्षक आणि शाळा-कर्मचारी दगावले. राज्याच्या शिक्षण खात्याचे उत्तर आले की आमच्याकडे नोंद तिघांची आहे.

एवढी तफावत पाहिली की कोणीतरी धडधडीत खोटे बोलत आहे असेच वाटते. पण दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येला धरून होते. कर्मचारी घरून निघाल्यापासून काम आटोपून घरी परतेपर्यंत झालेला मृत्यू तेवढा निवडणूक कामावरचा, असा नियम होता. बसचा अपघात, गोळीबार, हृदयविकाराचा झटका यांना तो पुरत होता. विषाणूला शरीरात पाय रोवायलाच काही दिवस लागतात, याचा विचार नियम लिहिताना कोणी केलेला नव्हता. गदारोळ झाल्यावर मुदत तीस दिवसांची केली गेली आणि मदतीला पात्र कुटुंबांची संख्या एकदम वाढली. मेलेली माणसे तीच होती, बदलली ती वही.

सरकार जेव्हा स्वतः मालक असते, तेव्हा त्याच्या माणसांना कामावर झालेली इजा आणि कामामुळे जडलेला आजार कुठे लिहिला जातो, कोणाला कळवला जातो, आणि त्याची बेरीज कोण करते? या प्रश्नावर कायदा, कामगार संघटना, वैद्यक आणि प्रशासन आज कुठे उभे आहेत, याचा हा आढावा.

गिरणीपासून संहितेपर्यंत

आपल्याकडे ही चर्चा सुरू झाली ती मुंबईच्या गिरण्यांत. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी जे मागणीपत्र दिले, त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना आठवते. त्याच अर्जात आणखी एक कलम होते: कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाल्यास कामगाराची काही सोय व्हावी. म्हणजे इजेचा प्रश्न पहिल्यापासून भरपाईच्या अंगाने आला. त्यात गैर काही नाही. हात गमावलेल्या माणसाला आकडेवारी नको असते, पगार हवा असतो. पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षे नोंदीची व्यवस्था याच खुंटीला बांधलेली राहिली, आणि आजच्या बहुतेक वादांचे मूळ तिथे आहे.

१९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा आला. (२००९च्या दुरुस्तीनंतर त्याच्या नावातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला.) प्राणघातक अपघाताचे आणि गंभीर इजेचे विवरण सात दिवसांत आयुक्ताकडे पाठवायचे, हे त्यातच होते. १९४८ मध्ये दोन मोठे कायदे झाले. कर्मचारी राज्य विमा कायद्याने अपघात नोंदवही आणि अपघात-अहवाल आणला. कारखाने कायद्याने सूचना देण्याचे कर्तव्य व्यवस्थापकावर टाकले. त्याच्या कलम ८८ प्रमाणे मृत्यू झाला, किंवा इजेमुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर कळवायचे. कलम ८९ आजारांविषयी होते. तिसऱ्या परिशिष्टातल्या २९ आजारांपैकी एखादा आढळला तर व्यवस्थापकाने कळवायचे, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचे. खाणींसाठी १९५२चा वेगळा कायदा आणि धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय. गोदी कामगारांसाठी १९८६चा आणखी वेगळा कायदा.

या ४८ तासांविषयी थोडे थांबायला हवे. हा उंबरठा ठेवण्यामागे किरकोळ खरचटणे वगळण्याचा शहाणा हेतू होता. पण ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. बोटाला टाके पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून खुर्चीवर बसवायचे, हजेरी लावायची, हलके काम दिल्याचे दाखवायचे. अपघात ‘रिपोर्टेबल’ राहत नाही. यात कामगाराचीही अनेकदा संमती असते, कारण पगार कापला जात नाही.

या युक्तीची खूण राष्ट्रीय आकडेवारीत दिसते. शीव येथे ज्याची केंद्रीय श्रम संस्था आहे, त्या कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाकडे राज्यांकडून आकडे जमतात. २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी अकराशेच्या आसपास मृत्यू आणि चार हजारांच्या आसपास जखमी, असे ते सांगतात. म्हणजे एका मृत्यूमागे जेमतेम चार जखमा. अमेरिकेत २०२२ साली कामावरचे मृत्यू साडेपाच हजारांच्या घरात होते, आणि बिनप्राणघातक इजा व आजार एकट्या खासगी क्षेत्रात सुमारे २८ लाख. भारतीय यंत्रे माणसाला मारतात तरी किंवा सोडून तरी देतात, अधेमधे काही करत नाहीत, असे मानायचे नसेल तर निष्कर्ष एकच उरतो. मृत्यू लपवणे कठीण असते, जखम लपवणे सोपे.

सरकार मालक असते तेव्हा

हा झाला सर्वसाधारण नकाशा. सरकारी आस्थापना त्यात कुठे बसतात याचे एक उत्तर नाही, कारण ‘सरकार’ हा एक मालक नाही.

काही ठिकाणी कायदा स्पष्टपणे लागू आहे. कारखाने कायद्याच्या कलम ११६ ने केंद्र आणि राज्य सरकारांच्या मालकीचे कारखाने आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे दारूगोळा कारखाने, एसटीची दापोडीची कार्यशाळा, रेल्वेचे परळचे वर्कशॉप, कोराडीचे वीजकेंद्र यांना अपघाताची सूचना द्यावी लागत आली आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी २०२५पर्यंत खाण कायद्याखाली होत्या, आणि खाणींची आकडेवारी ही या साऱ्या पसाऱ्यात त्यातल्या त्यात भरवशाची मानली जाते. १९७५च्या चासनाळ्याच्या दुर्घटनेत ३७५ माणसे गेली. ती खाणही सरकारी अमलाखालचीच होती.

राज्य विमा कायद्याने मात्र एक फट ठेवली: सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्यांना तितकेच किंवा अधिक चांगले लाभ अन्यथा मिळत असतील, तर तो कायदा त्यांना लागू नसे. लाभांच्या दृष्टीने यात अन्याय नाही. पण लाभांबरोबर अपघात नोंदवहीसुद्धा गेली, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

मग सरकारी कर्मचाऱ्याची दुखापत लिहिली कुठे जाते? सेवापुस्तकात, रजेच्या अर्जावर आणि निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावात. केंद्राच्या रजा नियमांत ‘विशेष विकलांगता रजा’ आहे. महाराष्ट्राच्या १९८१च्या रजा नियमांतही याच धर्तीची तरतूद आहे. केंद्रीय नियमाची अट पाहण्यासारखी आहे: ज्या घटनेमुळे विकलांगता आली तिच्यापासून तीन महिन्यांत ती प्रकट झाली पाहिजे, आणि कर्मचाऱ्याने तत्परतेने कळवले पाहिजे. पडून मोडलेल्या पायाला तीन महिने भरपूर झाले. जनरेटरशेजारी वीस वर्षे बसून गेलेल्या कानांचे काय, याचे उत्तर अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडले आहे. असाधारण निवृत्तिवेतनाच्या केंद्रीय नियमांत मृत्यू आणि विकलांगतेच्या पाच वर्गवाऱ्या केल्या आहेत, नैसर्गिक कारणांपासून युद्धापर्यंत, आणि नोकरीमुळे ‘उद्भवलेला’ किंवा ‘बळावलेला’ आजार ही त्यातली एक. ही वर्गवारी विचारपूर्वक केलेली आहे. पण ती तपासली जाते ती कोणी अर्ज केला तरच, आणि त्या अर्जांची देशव्यापी बेरीज करून अमुक खात्यात अमुक कामाने माणसे आजारी पडतात, असा निष्कर्ष काढण्याची रीत नाही.

रेल्वेची गोष्ट वेगळी आणि बोलकी आहे. रेल्वेत कामावर जखमी झालेल्याला ‘आयओडी’ म्हणतात, इंज्युअर्ड ऑन ड्यूटी. दाखला असतो, रजा असते, इस्पितळही रेल्वेचेच असते. तरीही २०१२च्या फेब्रुवारीत डॉ. अनिल काकोडकर यांच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीने अहवाल दिला, तेव्हा त्यातल्या एका आकड्याने अनेकांना चकित केले. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११पर्यंत गाडी-अपघातांत सुमारे एक हजार माणसे मेली होती; त्याच काळात कामावर असताना मेलेले रेल्वे कर्मचारी होते सुमारे १,६००, आणि जखमी ८,७००. गाडी घसरली की मंत्री धावतात, चौकशी आयुक्त नेमले जातात. रुळांवर एकेकटे चिरडले जाणारे ट्रॅकमन त्या चौकशीच्या व्याख्येत बसत नाहीत. आकडे रेल्वेकडे होतेच. ते एका ठिकाणी मांडायला बाहेरची समिती लागली.

कार्यालयांना वगळणारे कलम

२०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने कारखाने, खाणी, गोदी, बांधकाम, कंत्राटी कामगार अशा तेरा कायद्यांची मोट बांधली. ती २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना ती लागू आहे. अपघात, धोकादायक घटना आणि आजार कळवण्याची कलमे (१०, ११ आणि १२) सर्व क्षेत्रांसाठी एकत्र आली आहेत. ४८ तासांचा उंबरठा आणि २९ आजारांची यादी कायम आहे.

मात्र पहिल्याच कलमात एक अपवाद आहे: केंद्र सरकारची कार्यालये, राज्य सरकारांची कार्यालये आणि युद्धनौका यांना ही संहिता लागू नाही. त्याला जोडून परंतुक असे की, या कार्यालयांत कंत्राटदारामार्फत कंत्राटी कामगार असतील तर त्यांच्यापुरती ती लागू होईल. म्हणजे मंत्रालयाच्या जिन्यावरून घसरलेल्या कंत्राटी सफाईवाल्याची नोंद कायद्याने व्हायला हवी; त्याच जिन्यावरून घसरलेल्या कायम शिपायाची नाही. कंत्राटी माणसाला कायम माणसाहून अधिक संरक्षण देणारे कलम आपल्या कायद्यांत विरळाच सापडेल.

या अपवादाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकायला हवे. कार्यालयीन कामात धोका कमी असतो. टेबल-खुर्चीच्या कामासाठी निरीक्षक, नोंदवह्या आणि विवरणपत्रे वाढवणे म्हणजे आधीच कागदांत बुडालेल्या यंत्रणेवर आणखी ओझे, हा पहिला मुद्दा. दुसरा असा की सरकारी कर्मचाऱ्याला वैद्यकीय प्रतिपूर्ती, रजा, अनुकंपा नियुक्ती आणि निवृत्तिवेतन आहेच. शिवाय २०१६च्या अपंग हक्क कायद्यामुळे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही. खासगी कामगाराला नोंद हवी ती हक्क सिद्ध करायला. इथे हक्क आधीच मान्य आहेत. तिसरा मुद्दा सार्वभौम कामांचा. पोलीस, संरक्षण, अणुऊर्जा यांच्या अंतर्गत घटना कामगार निरीक्षकापुढे मांडता येत नाहीत.

विरोधी बाजू याला दोन-तीन ठिकाणी अडवते. ‘कार्यालय’ हा शब्द कुठवर ताणायचा? तालुक्याचे पशुवैद्यकीय केंद्र कार्यालय आहे का? वनपालाची चौकी? न्यायवैद्यक प्रयोगशाळा? सरकारी कर्मचाऱ्यांतले फार थोडे दिवसभर टेबलाशी असतात. हक्कांविषयी त्यांचे म्हणणे असे की भरपाई इजा झाल्यावर मिळते, नोंद ही पुढची इजा टाळण्यासाठी असते. एकीने दुसरीची गरज संपत नाही. सार्वभौमत्वाचा वाद तर जुनाच आहे. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ‘उद्योग’ शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की रुग्णालये आणि पालिकांची बरीच खाती त्यात आली. २०१७ मध्ये तो अर्थ फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

माझ्या मते पहिल्या बाजूचा पहिला मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि दुसरा दिसतो तितका नाही. वेगवेगळ्या हक्कांसाठी वेगवेगळ्या खात्यांत दिलेले दाखले एकमेकांना भेटत नाहीत. महापालिकांच्या सफाई खात्यांत हे विशेष दिसते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार मेला, निवृत्त झाला किंवा वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला तर वारसाला नोकरी मिळते. त्यामुळे ‘अपात्र’ झालेल्यांच्या फायली पालिकांकडे आहेत. किती जण कंबरेने गेले, किती फुप्फुसाने, आणि ते कुठल्या हजेरी चौकीवर होते, हे त्या फायलींतून कोणी मोजायला घेतले तर एक मोठा अभ्यास तयार होईल.

आजार: वहीतले रिकामे पान

अपघाताच्या नोंदीत गळती आहे. आजारांच्या नोंदीचे पान जवळजवळ कोरे आहे. कारणे तीन. आजार उशिरा येतो. त्याला कामाबाहेरचीही कारणे असू शकतात. आणि तो ओळखणारा डॉक्टर लागतो. औद्योगिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर कारखान्यांनाच पुरत नाहीत, मग पालिकेच्या दवाखान्यात कोठून येणार? तिथे खोकल्याचे औषध मिळते, ‘काय काम करता?’ हा प्रश्न केसपेपरवर नसतो.

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना लागण होण्याचा प्रश्न कित्येक वर्षे गाजतो आहे. तिथल्या वॉर्डबॉयला झालेला क्षय हा व्यावसायिक आजार आहे का? १९२३च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार होता: संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात, विशेषतः आरोग्य व प्रयोगशाळेच्या कामात जडलेले संसर्गजन्य आजार त्यात धरले होते. कारखाने कायद्याच्या यादीचा रोख मात्र शिसे, पारा, सिलिका, अ‍ॅस्बेस्टॉस यांवर होता, कारण रुग्णालय हा कारखाना नव्हे. एकाच माणसाचा एकच आजार भरपाईच्या कायद्यात कामाचा, आणि सूचनेच्या कायद्यात कोणाचाच नाही. क्षय हा राष्ट्रीय कार्यक्रमाखाली कळवण्याचा आजार आहेच, तेव्हा वॉर्डबॉयचे नाव क्षयरुग्णांच्या निक्षय पोर्टलवर पोहोचते. पण रुग्ण म्हणून, कर्मचारी म्हणून नाही.

गंमत अशी की रुग्णालयांत इजेची एक नोंद कामगार कायद्यामुळे नाही तर पर्यावरणाच्या कायद्यामुळे होते. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रुग्णालयाने कचरा हाताळतानाचे अपघात कळवायचे आणि वार्षिक अहवालात बाधितांची संख्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची आहे. सुई टोचलेल्या परिचारिकेला एचआयव्ही टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत औषध सुरू करावे लागते, म्हणून त्याचीही वेगळी वही असते. सुईने टोचले तर दोन वह्या आहेत. रुग्ण उचलताना पाठीची चकती सरकली तर एकही नाही. व्यवस्था रोगजंतूला घाबरते, वजनाला घाबरत नाही.

कोविडने हे सगळे एकाच वेळी उघडे पाडले. मार्च २०२०च्या अखेरीस केंद्राने आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. महाराष्ट्रानेही कोविडच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांसाठी तेवढ्याच सानुग्रह साहाय्याचा निर्णय काढला. मात्र सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारणा झाली तेव्हा, आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने किती आरोग्यसेवक बाधित झाले वा मेले याचे आकडे केंद्र ठेवत नाही, असे उत्तर मिळाले. त्यावर भारतीय वैद्यक संघटनेने ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. सरकारकडे विम्याच्या दाव्यांचा हिशेब होता. मृत्यूंचा नव्हता. महाराष्ट्र पोलिसांनी मात्र त्याच काळात आपल्या दलातल्या लागणीचे आणि मृत्यूंचे आकडे नेमाने दिले, त्यामुळे हे अशक्य होते असे म्हणता येत नाही.

कंत्राटी हात

सरकारी कामाचा धोकादायक भाग आता बहुतांशी सरकारी माणसे करत नाहीत. त्यामुळे नोंदीचा प्रश्न ‘कोणाचा माणूस’ इथेच अडतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत कंत्राटदाराने आणलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. भांडार लष्कराचे, माल दारूगोळा कारखान्याचा, मजूर कंत्राटदाराचे. मुख्य मालकाची जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे. वहीत नाव कोणी घालायचे हे प्रत्येक वेळी नव्याने ठरते.

गटारे आणि सेप्टिक टाक्यांत हा गोंधळ टोकाला जातो. जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले की हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे कोणी मेल्याची नोंद नाही. उत्तर कायद्याच्या भाषेत अचूक होते, कारण २०१३च्या कायद्यात हाताने मैला उचलणे आणि गटार वा टाकीची धोकादायक सफाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मृत्यू दुसऱ्या रकान्यात पडतात. त्या रकान्यात २०२३पर्यंतच्या पाच वर्षांत ३३९ मृत्यू असल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. बेझवाडा विल्सन यांचे सफाई कर्मचारी आंदोलन आपली मोजणी वेगळी करते आणि तिचे आकडे सरकारी आकड्यांहून मोठे असतात. असे मृत्यू बऱ्याचदा पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यू म्हणून लिहिले जातात. त्यांना कामाशी जोडण्याचे काम बातम्यांची कात्रणे करतात.

केंद्रानेच करवून घेतलेल्या एका सामाजिक अंकेक्षणात २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंची तपासणी झाली. ४९ जणांकडे कसलेही सुरक्षा साधन नव्हते, ३८ जणांना वैयक्तिकरीत्या बोलावले होते, आणि सरकारी पटावर होते फक्त पाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाई वाढल्याने वारस पुढे येतील आणि नोंद सुधारेल असे एक मत आहे. उलट रक्कम जितकी मोठी, तितका ‘तो आमचा माणूसच नव्हता’ हे सिद्ध करण्याचा जोर मोठा, असे दुसरे. निवाडा करण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही.

आशा सेविकांचे तर पदच मानसेवी. कोविडच्या विम्यात त्यांना घेतले, कारण तेव्हा त्यांच्यावाचून चालणार नव्हते. एरवी गावात फिरताना कुत्रा चावला तर त्या कर्मचारी आहेत की स्वयंसेवक, हे ठरेपर्यंत जखम भरून येते.

बाहेरचे दोन अनुभव

अमेरिकेच्या केंद्रीय खात्यांची वाटचाल आपल्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. १९७०च्या कायद्याने खात्यांच्या प्रमुखांवर नोंदीची जबाबदारी टाकली, १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने ती बळकट झाली. तरी आकडे जमत ते भरपाईच्या दाव्यांतून, आपल्यासारखेच. १ जानेवारी २००५पासून हे बदलले: खासगी कंपन्या जी नोंदवही ठेवतात तीच सरकारी खात्यांनी ठेवायची. तिचे सूत्र असे की नोंद केली म्हणजे चूक कबूल केली, नियम मोडला किंवा भरपाई मान्य केली असे होत नाही. प्रथमोपचारापलीकडे इलाज लागला, रजा पडली किंवा हलके काम द्यावे लागले, तर लिहायचे. आपल्याकडची खुर्चीवर बसवण्याची युक्ती तिथे निदान कागदावर तरी चालत नाही, कारण खुर्चीवर बसवणे हेच नोंदीचे कारण ठरते.

तरी तिथेही सगळे आलबेल नाही. खात्यांचे इजा-दर पुढे कित्येक वर्षे दाव्यांवरूनच प्रसिद्ध होत राहिले. सुरक्षा यंत्रणा केंद्रीय खात्यांना दंड करू शकत नाही; टपाल खाते तेवढे १९९८ पासून खासगी मालकासारखे दंडपात्र झाले. अनेक राज्यांत राज्य आणि नगरपालिकांचे कर्मचारी केंद्रीय कायद्याबाहेरच आहेत. २००४ आणि २०१०च्या मोहिमांत खात्यांना इजा-दर घटवण्याची उद्दिष्टे दिली गेली, तेव्हा इजा घटल्या की नोंदी, हा प्रश्न तिथल्या जाणकारांनाही पडला.

ब्रिटनमध्ये सात दिवसांहून अधिक काळ काम बुडाले तर कळवायचे असते, आणि सरकारी खात्यांवर खटला चालत नाही. जाहीर ठपका ठेवला जातो. त्यांची घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. ते मालकांच्या अहवालांवर विसंबत नाहीत. श्रमबळाच्या पाहणीत थेट कामगारांना विचारतात आणि दोन्ही आकडे शेजारी मांडतात. मालक सुमारे निम्म्याच इजा कळवतात, हे तिथली सुरक्षा यंत्रणा स्वतःच सांगते.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ: वही कोणी ठेवायची आणि कोणी तपासायची? आज राज्याच्या वीज कंपनीतला अपघात राज्याचेच औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय तपासते. निरीक्षक आणि व्यवस्थापक दोघांची वरची शिडी मंत्रालयाच्या एकाच सहाव्या मजल्याकडे, मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाकडे, जाते. स्वतंत्र मंडळ हवे असे एक मत आहे, पण खाण महासंचालनालयही सरकारीच असून तुलनेने बरे काम करते, याकडे दुसरे मत बोट दाखवते.

दुसरी गाठ ‘कामावर’ या शब्दाची. जुलै २०२५ मध्ये धाराशिव भागातल्या साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामावर जाता-येतानाचा अपघातही, काम आणि प्रवास यांचा सांधा दिसत असेल तर, भरपाईस पात्र धरला. निवडणूक, जनगणना, दुष्काळ पाहणी अशा कामांवर दुचाकीने हिंडणाऱ्या तलाठ्यांना आणि शिक्षकांना याचा अर्थ मोठा आहे. पण भरपाईच्या कायद्यातला हा अर्थ नोंदीच्या कायद्यात आपोआप उतरत नाही.

तिसरी गाठ उघड करण्याची. माहिती अधिकाराने संस्थांवर स्वतःहून माहिती देण्याचे बंधन घातले आहे. संघटनांनी आजवर मिळवलेले पुष्कळ आकडे माहिती अर्जांतूनच आले. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने खासगी माहिती नाकारण्याचे माहिती अधिकारातले कलम आणखी रुंद केले. कर्मचाऱ्याचा आजार ही खासगी बाब आहे हे कोणीच नाकारत नाही. नावे झाकून चौकीनिहाय संख्या द्यायची की नाही, यावर वाद आहे, आणि लहान चौकीत संख्या ‘एक’ असली की नाव झाकून उपयोग नसतो हेही खरे.

चौथी गाठ नव्या संहितेचीच. महापालिका राज्य सरकारचे कार्यालय आहे की स्वतंत्र आस्थापना? तिचे सार्वजनिक रुग्णालय? घनकचरा खात्याची हजेरी चौकी? वाचणारा ज्या बाजूचा, तसे उत्तर येते. चौकीवर मुकादमाकडे आज एकच वही असते, हजेरीची. तिच्यात खाडा, रजा आणि साप्ताहिक सुट्टी यांच्या खुणा आहेत. हात कापला म्हणून घरी गेला, यासाठी खूण नाही, आणि ती घालायची तर आदेश कामगार खात्याकडून यायचा की नगरविकास खात्याकडून, हेही ठरलेले नाही.